भिंतीवरचे निदान



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी शिकाऊ असताना काही महिने बसत होतो. त्यांची एक सवय तेव्हा मला फार कंटाळवाणी वाटायची. आजारी मूल टेबलावर असे, बाहेर बाकांवर पंचवीस माणसं ताटकळत असत आणि डॉक्टर निवांतपणे विचारत, "असं याआधी कधी झालं होतं?" आई म्हणे, "झालं होतं की मागे." तेवढ्यावर त्यांचं भागत नसे. "मागे म्हणजे कधी? पोळ्याच्या आधी की नंतर? शाळा सुरू होती का? घरात पाहुणे होते का?" सणवार, पाऊसपाणी, लग्नकार्य यांचे धागे धरून ते त्या माउलीच्या आठवणीतून तारीख ओढून काढत. मला वाटे, पोट तपासायचं सोडून हे पंचांग काय उघडून बसतात? त्याचं उत्तर मला पुढे बारा वर्षांनी एका सहा वर्षांच्या मुलीनं आणि तिच्या आईनं दिलं. आजचा विषय तोच आहे : मुलांना पुन्हा पुन्हा होणाऱ्या उलट्या. जेवणाच्या वेळेआधी हा विषय घेतल्याबद्दल संयोजकांनी मला क्षमा करावी.

मुलगी तालुक्याच्या गावची. वडील एसटीत, आई घरी शिवणकाम करणारी. पहाटे चारला उलट्या सुरू झाल्या म्हणून सकाळी आमच्याकडे आणली. दर आठ-दहा मिनिटांनी उलटी, पोटात काही उरलं नाही तरी कोरड्या ओकाऱ्या. चेहरा पांढराफटक, तोंडातून लाळ गळतेय, डोळे घट्ट मिटलेले. कोणी बोललं, दिवा लावला, की पांघरुणात तोंड खुपसायची. पोट मऊ होतं. जुलाब नव्हते, ताप नव्हता. सलाईन लावलं. दीड दिवसानं नळ बंद करावा तशा उलट्या थांबल्या, आणि दोन तासांत पोरीनं वरणभात मागितला. डिस्चार्ज कार्डावर मी लिहिलं : गॅस्ट्रो. जुलाब नसताना गॅस्ट्रो! पण हा शब्द फार सोयीचा असतो, कार्डावरची रिकामी जागा भरून काढतो.

तीन महिन्यांनी ती परत आली. ड्यूटीवर मीच होतो. मी पुन्हा तेच लिहिलं.

मधल्या काळात ती आणखी दोन दवाखाने फिरून आली होती. एका ठिकाणी जंतांचं औषध मिळालं. दुसऱ्या ठिकाणी 'पित्त' ठरलं, आणि आईला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, "शाळा चुकवायची नाटकं आहेत ही, लक्ष देऊ नका." घरी आजींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. सगळ्यांनी आपापल्या परीनं उपाय केले होते, आणि सगळ्यांचे उपाय लागू पडले होते, कारण उलट्या दीड दिवसानं आपोआपच थांबत होत्या.

तिसऱ्या खेपेला आईनं पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली. "डॉक्टर, दुधाचे खाडे मी यावर मांडते. हिला दवाखान्यात आणलं की घरी दूध घेत नाही, म्हणून फुली आहे. या फुल्या बघा. दर वेळी दोनच आहेत. कधी एक नाही, कधी तीन नाहीत."

मी बघत राहिलो. वर्षभरात पाच जोड्या होत्या. पहिली गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवसापासून, दुसरी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, तिसरी शाळेच्या गॅदरिंगच्या दिवशी, चौथी मामाच्या लग्नाला निघायच्या पहाटे, आणि एक तेवढी सर्दी-तापात. प्रत्येक जोडीला घरच्यांनी एकेक आरोपी शोधला होता. गणपतीला मोदक, दिवाळीला चकलीचं तेल, गॅदरिंगला बाहेरचा वडा, आणि लग्नाला 'गाडी लागली'. गाडीत तर ती अजून बसलीही नव्हती! सणाला खाणं असतं, म्हणून खाण्यावर आळ येतो. पण सणाला आणखीही काही असतं. मूल आनंदानं उतू जात असतं, रात्री उशिरापर्यंत जागतं, खेळण्याच्या नादात जेवायचं विसरतं. मोदक बिचारे फुकट बदनाम झाले होते.

या आजाराचं नाव सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम. आपण त्याला आवर्ती वांती म्हणू. नाव अलीकडे कानावर येऊ लागलं असलं तरी आजार नवा नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले सॅम्युअल जी यांनी १८८२ साली त्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात चार ते आठ वर्षांच्या नऊ मुलांची हकिकत लिहिली. मुलांना उलट्यांचे झटके येतात, मधल्या काळात ती ठणठणीत असतात, आणि हे चक्र चालूच राहतं, हे त्यांनी नेमकं टिपलं. गव्हानं होणाऱ्या सीलिअॅक आजाराचं अभिजात वर्णन करणारे जी ते हेच. त्यांच्याजवळ ना सोनोग्राफी होती, ना रक्ताच्या आजच्या तपासण्या. जवळ होती ती केसपेपरवरची तारीख.

आज निदानाचे निकष ठरलेले आहेत. पचनाच्या अशा विकारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रोम निकषांची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. त्यांनुसार सहा महिन्यांत निदान दोन झटके यावे लागतात : तीव्र, न थांबणारी मळमळ आणि उलट्यांचे लोट, तासन्‌तास किंवा काही दिवस. दोन झटक्यांच्या मध्ये काही आठवडे किंवा महिने जावेत आणि त्या काळात मूल पूर्ववत असावं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या मुलाचा प्रत्येक झटका आधीच्या झटक्यासारखाच असावा. तीच वेळ, बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा उठल्या उठल्या, तेवढाच काळ, तोच क्रम. एकाच छापाच्या गणपतीसारखे हे झटके असतात. आईच्या दोन-दोन फुल्या म्हणजे तोच छाप होता. पाठ्यपुस्तकात मी तो वाचला होता. तिनं तो दुधाच्या हिशेबात पाहिला होता.

हा आजार आपल्याला वाटतो तितका दुर्मीळही नाही. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये ५ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या जवळपास दोन मुलांना हा त्रास होता. बऱ्याच मुलांत तो पाच वर्षांच्या आसपास सुरू होतो.

झटक्याचे टप्पे आता तुमच्यातल्या एखाद्या आईला ओळखीचे वाटतील. आधी मूल गप्प होतं, फिकट पडतं, 'कसंतरी होतंय' म्हणतं. हा टप्पा काही मिनिटांचा, कधी काही तासांचा. मग उलट्या. भराच्या वेळी तासाला सहा वेळासुद्धा. पोट दुखतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. आणि एक विचित्र गोष्ट : काही मुलं तांब्येच्या तांब्ये पाणी घटाघटा पितात आणि लगेच ओकून टाकतात. घरचे ओरडतात, "उलटी होतेय तरी पितोस कशाला?" पण रिकाम्या पोटातलं आंबट-कडू पित्त घसा जाळत वर येतं. पाणी प्यायलं की ते पातळ होतं, आणि उलटी झाल्यावर घटकाभर मळमळ कमी होते. मूल वेडेपणा करत नसतं. त्याला जमेल तो उपाय ते करत असतं. शेवटी झोप लागते, आणि उठतं ते भूक घेऊनच.

इथे मला गाडी थांबवून एक धोक्याची पाटी दाखवायची आहे. पुन्हा पुन्हा उलट्या म्हणजे हाच आजार, असं समजून कोणी घरी जाऊ नका. हे निदान इतर शक्यता दूर केल्यावरच करायचं असतं, आणि त्या शक्यतांत काही जिवावरच्या आहेत.

उलटी गवतासारखी हिरवी असेल तर पहिला विचार आतड्याला पीळ पडल्याचा. काही मुलांची आतडी जन्मतःच पोटात नीट बसलेली नसतात. ती आपल्याच देठाभोवती पिळली गेली तर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं मरू शकतं. हा पीळ कधी कधी आपोआप सुटतो आणि पुन्हा पडतो, म्हणजे तोही 'आवर्ती' दिसतो. आवर्ती वांतीतही वरचेवर ओकून शेवटी पित्त पडतं, हे खरं. पण तो फरक करायचं काम घरच्यांचं नव्हे. हिरवी उलटी दिसली की दवाखाना गाठायचा, आणि औषध पाजून फोटो काढत आतड्याची मांडणी एकदा तरी बघून घ्यायची. पहाटेच्या उलटीबरोबर डोकं दुखत असेल, चाल बिघडली असेल, नजर तिरळी झाली असेल, तर मेंदूचा एमआरआय हवा. मूल खूप पाणी पिऊन खूप लघवी करत असेल, वजन उतरलं असेल, श्वास खोल चालला असेल, तर तो मधुमेह असू शकतो. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, उपाशी राहिल्यावर किंवा डाळ-अंडी-मांस जास्त खाल्ल्यावर झटका येत असेल, गुंगी येत असेल, तर शरीराच्या रसायनशाळेतला जन्मजात दोष शोधावा लागतो.

आणि शोधायचं कधी, यालाही महत्त्व आहे. मूत्रपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडथळा असला की लघवी तुंबून उलट्या होतात, पण झटका ओसरल्यावर केलेली सोनोग्राफी निर्दोष येऊ शकते. जन्मजात दोषातलं अमोनिया, लॅक्टेट, साखर आणि क्षारांचं बिघडलेलं गणित साखरेचं सलाईन चढलं की सावरू लागतं. म्हणून झटका चालू असताना, सलाईन लावण्याआधी, त्याच सुईतून रक्ताचा नमुना घ्यायचा आणि पहिली लघवी जपून ठेवायची. आम्ही घाईनं बाटली लावतो आणि तिच्याबरोबर पुरावा वाहून जातो. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या सगळ्या तपासण्या 'नॉर्मल' येतात, आणि नॉर्मल कागदांच्या गठ्ठ्यावर कोणीतरी 'नाटकं' असं लिहून मोकळं होतं.

मग नाटक नाही तर हे आहे काय? पोट ओकतं, पण हुकूम मेंदूकडून सुटतो. मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या काठावर, एक जागा आहे. तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली नेहमीची तटबंदी सैल असते, कारण रक्तातलं विष हुंगणं हेच तिचं काम. तिच्याशी पोटातून येणारा व्हेगस मज्जातंतू जोडलेला आहे, आणि भावना व ताण सांभाळणारी मेंदूची केंद्रंही. ताणाच्या वेळी मेंदूत स्रवणारं एक रसायन जठराची हालचाल मंदावतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत नीट दिसलेलं आहे. शरीराला परीक्षा आणि वाढदिवस यांतला फरक कळत नाही. उत्तेजना ती उत्तेजना.

या मुलांच्या घरात आणखी एक गोष्ट विचारली की बहुधा सापडते : अर्धशिशी. आई, मावशी, आजी यांपैकी कोणीतरी डोक्याला फडकं बांधून अंधारात पडलेली असते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आवर्ती वांतीला अर्धशिशीच्या नात्यातलाच विकार मानलं आहे. यांतल्या बऱ्याच मुलांना मोठेपणी उलट्या थांबून डोकेदुखी सुरू होते. काही घरांत हे आईच्या बाजूनंच उतरताना दिसतं. पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया आपल्याला फक्त आईकडून मिळतात, म्हणून संशोधकांचं लक्ष तिकडेही गेलं आहे. याचा अर्थ दोष आईचा, असा कृपा करून कोणी घरी जाऊन सांगू नये. डोळ्यांचा रंग द्यावा तशी ही देणगी आहे, मागून मिळालेली नाही आणि ठरवून दिलेली नाही.

मनाचा आणि वांतीचा संबंध आपल्याकडे अनोळखी होता, असंही नाही. चरकसंहितेत छर्दीचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पाचवा कोणत्याही दोषावर बेतलेला नाही. नकोशा, किळसवाण्या गोष्टींच्या संपर्कानं होणारी ती वांती. म्हणजे जे पोटात गेलंच नाही, त्यानंही ओकारी येते, हे त्या वैद्यांना ठाऊक होतं. आम्ही मात्र मन म्हटलं की लगेच ढोंग म्हणतो.

उपचार तीन प्रकारचे आहेत. झटका येऊ नये म्हणून, येऊ घातला तर तो मोडण्यासाठी, आणि आलाच तर निभावण्यासाठी.

निभावण्यापासून सुरू करतो, कारण घरच्यांची दैना तिथेच होते. भरात आलेल्या झटक्यात लिंबूपाणी, पेज, ओआरएस यांतलं काहीही पोटात ठरत नाही. चमच्या-चमच्यानं पाजून बघावं, पण न ठरल्यास हट्ट करू नये. लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली, मूल मलूल झालं, की शिरेतून सलाईन. नुसतं क्षारांचं नको. आधी रक्तातली साखर तपासावी, आणि ती वाढलेली नसेल तर क्षारांबरोबर साखरही, साधारण दहा टक्क्यांची, द्यावी. उपाशी शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून होणारी कीटोन द्रव्यं मळमळ वाढवतात. साखर मिळाली की ते जाळणं थांबतं. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन शिरेतून देतात, आणि झोप येईल असं औषधही लागतं, कारण झोप लागणं हा या आजारातला मोठा उतारा आहे. म्हणून अंधारी, शांत खोली हवी. वॉर्डातली ट्यूबलाइट, शेजारचा मोबाइल आणि उशाशी चौकशीला जमलेले बारा नातेवाईक हे सगळे त्या वेळी औषधाच्या विरुद्ध काम करतात. उलटीची काही जुनी औषधं मुलांना सोसत नाहीत, मान वाकडी होते, डोळे वर जातात. घरातली कालची बाटली हलवून पाजू नये, ते यासाठी.

झटका मोडायचा तर पहिल्या टप्प्यातच, म्हणजे मूल 'कसंतरी होतंय' म्हणतं तेव्हाच. जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी, मोठ्या मुलांत अर्धशिशीवरचा नाकातला फवारा, डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल ते. आणि लगेच पडदे ओढून झोपवणं.

प्रतिबंधाची औषधं झटके वरचेवर येत असतील, शाळा बुडत असेल, सलाईनची पाळी येत असेल, तरच. २००८ साली उत्तर अमेरिकेतल्या बाल-पचनविकार तज्ज्ञांनी सहमतीनं एक दिशा ठरवली. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सायप्रोहेप्टाडीन, त्यापुढच्यांना अॅमिट्रिप्टिलीन, आणि दुसरा पर्याय प्रोप्रॅनोलॉल. यातलं पहिलं औषध तुमच्या ओळखीचं आहे. 'पोरगं जेवत नाही' म्हणून आपल्याकडे भूक वाढवायचं जे सिरप मागितलं जातं, त्यात बहुधा तेच असतं. इथे ते भुकेसाठी नसतं, तरी भूक आणि झोप दोन्ही वाढतात, हे आधी सांगून ठेवावं लागतं. दुसऱ्याचं नाव घरी इंटरनेटवर टाकलं की 'नैराश्याची गोळी' असं येतं, आणि वडील दुसऱ्याच दिवशी गोळी बंद करतात. ते औषध फार कमी मात्रेत, रात्री, हळूहळू वाढवत द्यायचं असतं, सुरू करण्याआधी ईसीजी काढून. तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, पण व्यसन लागत नाही. तिसरं औषध दम्याच्या मुलाला चालत नाही. कोणतंही घेतलं तरी आठवड्यात निकाल मागू नये. झटका दोन-तीन महिन्यांनी येणारा असेल, तर औषध लागू पडलं की नाही हे कळायलाही तेवढे महिने लागणारच.

औषधाहून स्वस्त गोष्टी वेगळ्या. झोपेची वेळ सणातही पाळायची. जेवणांत मोठं अंतर पडू द्यायचं नाही, झोपण्याआधी काहीतरी पोटात हवं. लग्नाला निघायचं गुपित मुलाला आठ दिवस आधी सांगून त्याला फुगवत ठेवायचं नाही. चॉकलेट, चीज असा एखादा पदार्थ फुल्यांशी जुळत असेल तर तेवढाच बंद. सगळंच बंद केलं तर मुलाचं लहानपणच पथ्यात जाईल.

आणि एक कागद. मी अशा प्रत्येक मुलाला एक पानभर पत्र देतो. आजाराचं नाव, आधी कोणत्या तपासण्या झाल्या, झटक्यात कोणतं सलाईन, कोणतं औषध, किती, आणि हिरवी उलटी किंवा वेगळं काही दिसलं तर काय शोधावं. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत ओळखीचा डॉक्टर भेटत नाही. तिथला दमलेला तरुण डॉक्टर आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवेलच असं नाही. मीही दोनदा ठेवला नव्हता. कागदावर ठेवतो.

त्या मुलीचं सांगून थांबतो. तपासण्या झाल्या, आतड्याची मांडणी नीट निघाली, औषध सुरू झालं. पहिल्या वर्षी पाचाच्या दोन जोड्या झाल्या, पुढे एक, मग दोन वर्षांनी औषध हळूहळू बंद केलं. शाळेतल्या बाईंना मी चिठ्ठी दिली होती, त्यांनी वर्गात शेवटच्या बाकाजवळची, पंख्याखालची जागा तिला दिली. 'नाटकं' हा शब्द त्या घरातून गेला. आजींनी दृष्ट काढणं मात्र सोडलं नाही, आणि मीही कधी सोडायला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आई तिला घेऊन आली. मुलगी आता तेरा वर्षांची. उलट्या नाहीत, पण महिन्या-दोन महिन्यांनी कपाळाची एक बाजू ठणकते, उजेड सोसवत नाही. ज्याची शक्यता मी सांगून ठेवली होती, तेच. आईनं सवयीनं कालनिर्णय काढलं आणि अडचण सांगितली, "डॉक्टर, डोकं दुखतं तेव्हा दवाखान्यात यावं लागत नाही. दूध रोजच्यासारखं घेतो. मग खाडाही पडत नाही. आता खूण कशी करू?"

मी मुलीकडे पाहिलं. ती आईच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती. म्हटलं, "ताई, पेन्सिल आता तिला द्या."